वणव्यात घर गेलं, आता पुढे काय करायचं? (येऊरच्या बाजूचा पाडा)

उपवनकर (शुक्रवार, सकाळी ७:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बुधवारी रात्री ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरून वणवा उतरला. आमच्या गच्चीवरून तांबडी माळ दिसत होती. दरवर्षी होळीच्या आसपास दिसते, त्यामुळे "लागला वाटतं यंदाही" म्हणून आम्ही दिवे घालवून झोपलो. याची आता लाज वाटते. सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आल्या नाहीत, त्यांच्या जावेचा फोन आला. पाड्याच्या वरच्या अंगाची तीन घरं गेली. माणसं वाचली. दोन शेळ्या दाव्याला बांधलेल्या होत्या, त्या गेल्या. मावशींच्या नवऱ्याचा हात भाजलाय. कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत होती, पेटी शाबूत आणि आत कोळसा. मुलगा दहावीला आहे, सोमवारी पेपर आणि हॉल तिकीट त्याच पेटीत.

सोसायटीत कपडे, भांडी, धान्य जमवायला सुरुवात केली आहे. कालच्या काल दोन गोण्या कपडे झाले. उद्या शनिवारी आम्ही पंधराएक जण जाऊन राख उपसून जागा साफ करून देणार आहोत. अजून काय करता येईल? सरकारी मदत असते का? असली तर नक्की कोणत्या दाराशी जायचं?

पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोटो काढायला गर्दी नको.

मिरचीभजी (शुक्रवार, ७:५५)

बाप रे. माझ्याकडे एक शेगडी आणि दोन सोलापुरी चादरी आहेत. पाचपाखाडीतून कोणी नेणार असेल तर आत्ता देते.

निवृत्त नायब (शुक्रवार, ८:२०)

ताई, हात जोडून सांगतो, उद्याची सफाई रद्द करा.

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. पुरात, आगीत, वादळात एकच चूक पुन्हा पुन्हा पाहिली. भली माणसं येतात, अंगण झाडूनपुसून लख्ख करतात, आणि मग तलाठी येतो. त्याला दिसतो मोकळा ओटा. तो लिहिणार काय? पंचनामा होईपर्यंत राखेला हात लावायचा नाही. आज उजेड आहे तोवर प्रत्येक घराचे चारही कोपरे मोबाईलवर टिपून ठेवा. जळालेलं कपाट, वितळलेली भांडी, विजेचा मीटर, पत्रे, सगळं. घरमालकाला त्या जागेत उभं करून एक तरी फोटो घ्या.

तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. ठाण्याचं तहसील कार्यालय माहीत असेलच. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करून नोंद करा. अग्निशमनची गाडी आली होती का? आली असेल तर त्यांचा अहवाल मागून घ्या. तो महापालिकेचा कागद असतो आणि नंतर त्याला फार वजन येतं.

शेळ्या पुरल्या का? नसतील पुरल्या तर थांबा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. पुरल्या असतील तर निदान फोटो आणि दोन साक्षीदार.

उपवनकर (शुक्रवार, ८:३१)

एक पुरली, एक अजून तशीच आहे. सफाई रद्द केल्याचं ग्रुपवर टाकते. लोक फावडी विकत घेऊन बसलेत हो :(

कळवा नाका (शुक्रवार, ८:३४)

फावडी वाया जाणार नाहीत, ठेवा जपून.

पारसिककर (शुक्रवार, ९:०२)

नायबकाका, मिळतात किती ते पण सांगा. आमच्याकडे पारसिकच्या टेकडीवर, खारघर-बेलापूरला दर उन्हाळ्यात जाळ असतो, पण घरापर्यंत आल्यावर काय होतं हे कधी कोणी सांगितलं नाही.

निवृत्त नायब (शुक्रवार, ९:४०)

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत "आग" ही नैसर्गिक आपत्ती म्हणून आहे, हे आधी लक्षात घ्या. कारकून "हे पुराचं असतं हो" म्हणाला तर परत फिरू नका.

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरवलेले दर असे. घर पूर्ण नष्ट झालं तर सपाटीच्या भागात १,२०,००० रुपये, मग ते पक्कं असो वा कच्चं. अंशतः नुकसान, म्हणजे किमान १५ टक्के, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. आणि झोपडी असेल तर ८,०००. घराला जोडलेल्या गोठ्याचे ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५००, भांड्यांसाठी तेवढेच. शेळी ४,०००, दुभती गाय-म्हैस ३७,५००, कोंबडी नगामागे १००. भाजून आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर १६,०००, त्याहून कमी असेल तर ५,४००.

आता खरी मेख. कच्चं घर पूर्ण गेलं तर एक लाख वीस हजार आणि तेच "झोपडी" म्हणून लिहिलं गेलं तर आठ हजार. नियमात झोपडी म्हणजे गवत, माती, प्लास्टिकचं तात्पुरतं, कच्च्या घरापेक्षाही हलकं बांधकाम. कुडाच्या भिंती बघितल्या की पुष्कळ जणांचं पेन आपोआप "झोपडी"कडे वळतं. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. जोतं (घराचा चौथरा) किती, भिंती कशाच्या, छत कशाचं, खोल्या किती, सगळं लिहायला लावा. पंच पाड्यातलेच ठेवा, त्यातला एक तरी नीट वाचणारा हवा. वाद घालू नका, फक्त "साहेब, जोत्याचं माप लिहिलंत का?" एवढंच विचारत राहा. मी नोकरीत असताना मला हा प्रश्न विचारणाऱ्यांचा भयंकर राग यायचा.

मिरचीभजी (शुक्रवार, ९:४४)

शेवटचं वाक्य _/\_

स्पष्टवक्ता (शुक्रवार, १०:१५)

कटू वाटेल, पण बोलतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत घरं असावीतच का? हायकोर्टाने १९९७ सालीच अतिक्रमणं हटवायला सांगितलं होतं. आता करदात्यांच्या पैशातून ती पुन्हा उभी करायची?

रानवाट (शुक्रवार, १०:५०)

@स्पष्टवक्ता, पाडे आधीचे आहेत, उद्यान नंतरचं. येऊरला वारली, ठाकूर, महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अतिक्रमण आणि मूळ रहिवासी यांत फरक करायलाच २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जमीन ताब्यात असलेल्या आदिवासी कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. डोंगरावर ज्यांचे बंगले आणि पार्ट्यांची अंगणं आहेत, त्यांच्याबद्दल हा प्रश्न तुम्ही विचारलात तर मी तुमच्या मागे उभा राहीन.

पण एक गोष्ट तुम्ही नकळत बरोबर हेरलीत. मदतीच्या निकषात घर "अधिकृत" असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावं अशी अट आहे, आणि घोडं तिथेच अडतं. त्यामुळे ताई, पहिल्यांदा शोधा ते वनहक्क दाव्याचे कागद. पेटीतले जळाले तरी दाव्याची फाईल उपविभागीय समितीकडे आणि जिल्हा समितीकडे असते, तिथून प्रत मागता येते. शिवाय महापालिकेची घरपट्टी, महावितरणचं बिल, मतदार यादीचं पान. बिलावरचा ग्राहक क्रमांक कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असतोच, जुना भरणा दिसतो.

स्पष्टवक्ता (शुक्रवार, ११:०५)

बंगल्यांबद्दल तर मी केव्हापासून बोंब मारतोय. असो. मूळ रहिवाशांचा मुद्दा मान्य.

कळवा नाका (शुक्रवार, ११:०७)

आजची तारीख लिहून ठेवा रे, स्पष्टवक्त्यांनी काहीतरी मान्य केलं.

मास्तर (शुक्रवार, ११:३०)

हॉल तिकिटाची काळजी सोडा. शाळा पुन्हा छापून देते, त्यावर लाल शाईने "द्वितीय प्रत" असा शेरा मारते, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का आणि काम झालं. मुलाला उद्याच शाळेत पाठवा, सोमवारी सकाळी नाही. फोटो लागेल. नववीची गुणपत्रिका वगैरे शाळेच्या दप्तरात असते. ज्यांचे दहावी-बारावीचे जुने निकाल जळाले त्यांना वाशीला मंडळाच्या विभागीय कार्यालयात दुय्यम प्रत मिळते, आणि बऱ्याच वर्षांचे निकाल डिजिलॉकरमध्ये आहेत.

आधारचं म्हणाल तर नंबर माहीत असेल आणि मोबाईल जोडलेला असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. मोबाईलही जळाला असेल तर आधी त्याच नंबरचं सिम पुन्हा काढा, बाकी सगळं त्यानंतर. लोक उलट करतात आणि ओटीपीसाठी आठवडाभर फिरतात.

आणि एक. मुलाला अभ्यासाला बसायला जागा द्या हो. कपड्यांपेक्षा ते आधी.

उपवनकर (शुक्रवार, ११:४८)

मास्तर, आमच्या सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी रिकामंच असतं. सेक्रेटरींना विचारते. नाही म्हणाले तर आमच्या घरी.

डॉक्टरीणबाई (शुक्रवार, दुपारी १:१०)

भाजलेल्या हाताला काय लावलंय? टूथपेस्ट नाहीतर शाई, बरोबर? भाजल्या भाजल्या वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं असतं, बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. आता दोन दिवस झालेत म्हणजे पाण्याची वेळ गेली. फोड फोडू नका, आजच दाखवा. बोटं किंवा सांधा भाजला असेल तर साध्या मलमपट्टीवर थांबू नका, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात न्या. मोठं भाजलं असेल तर ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. केसपेपर जपून ठेवा, वर नायबांनी सांगितलेल्या मदतीसाठी लागेल.

धुराचं लोक विसरतात. दमेकरी म्हातारे आणि लहान मुलं पुढचे काही दिवस खोकणार. राख उपसताना ओला रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ लागतो. राख आधी पाण्याने भिजवा, कोरडी झाडू नका. जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते मुलांना उचलू देऊ नका.

झोप न लागणं, दचकणं, विझलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन बघणं, हेही होतं. १४४१६ वर टेलि-मानसचे समुपदेशक मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

उपवनकर (शुक्रवार, १:२५)

टूथपेस्टच लावली होती. तुम्हाला कसं कळलं?

डॉक्टरीणबाई (शुक्रवार, १:२६)

बावीस वर्षं बघतेय.

घोडबंदर १६ वा मजला (शुक्रवार, २:००)

थोडं अवांतर. आमच्या संकुलाची मागची भिंत जंगलाला लागून आहे. गेल्या वर्षी ठिणग्या पार्किंगपर्यंत आल्या होत्या. सोसायटीचा आगीचा विमा आहे. वणव्याचं नुकसान त्यात येतं का? समितीत दोन मतं आहेत, म्हणजे एकाने पॉलिसी वाचलेली नाही आणि दुसऱ्यानेही नाही.

विमावाला (शुक्रवार, २:४५)

प्रश्न झकास आहे, कारण यात खरोखर फसगत होते. जुन्या पद्धतीच्या "स्टँडर्ड फायर" पॉलिसीत झुडपी आग धरलेली असायची, पण "फॉरेस्ट फायर" स्पष्ट वगळलेली असायची. ती वेगळे पैसे भरून जोडून घ्यावी लागे. त्यामुळे तुमच्या सोसायटीची पॉलिसी जुन्या नमुन्याची असेल तर आजच उघडून बघा.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी "भारत गृह रक्षा" नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात झुडपी आग, वणवा, जंगलाची आग तिन्ही आहेत. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामान यादी न देताही धरलं जातं. विम्याची रक्कम कमी घेतली म्हणून दाव्यात कात्री लावत नाहीत. घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं पर्यायी घराचं भाडंही त्यात आहे. लोकांना हे ठाऊक नसतं, म्हणून कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग विमा लोकपालाकडे, वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. विमा प्राधिकरणाचा तक्रार क्रमांक १५५२५५.

पाड्यातल्या घरांना यातलं काही नसणार याची कल्पना आहे. सिलिंडर फुटला असेल तर गॅस कंपनीचा विमा आठवेल कोणाला, पण तो गॅसमुळे आग लागली तर. बाहेरून आलेल्या आगीत सिलिंडर फुटला तर तो विमा लागू होत नाही. खोटी आशा लावू नका.

घोडबंदर १६ वा मजला (शुक्रवार, ३:१५)

पॉलिसी काढली. जुनीच आहे. समितीची तातडीची बैठक रविवारी, चहा माझ्याकडून.

रगडा पॅटिस (शुक्रवार, ४:००)

मुळात हे वणवे लावतं कोण? आदिवासीच मोहाची फुलं वेचायला खालचा पाचोळा पेटवतात असं ऐकलंय.

रानवाट (शुक्रवार, ४:४०)

काही ठिकाणी मोहाखाली पाला जाळतात, खोटं कशाला बोलू. पण स्वतःच्या घराच्या वरच्या अंगाला वाऱ्याच्या तोंडाशी कोण पेटवेल? आपल्याकडचं जंगल आपण होऊन पेटत नाही. विडीचं थोटूक, रात्रीची पार्टी, शेकोटी, कचरा जाळणं, कोवळं गवत यावं म्हणून लावलेला जाळ, यातलंच काहीतरी असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात आग लावणंच नव्हे, जळती सोडून जाणंही गुन्हा आहे.

एक गोष्ट मला यंदा खटकतेय. २०२४ साली डोंगरावरची कारवीची झुडपं फुलली होती, आठ वर्षांनी. आपण सगळे जांभळे फोटो काढायला गेलो होतो. कारवी फुलून बी धरलं की मरते. तिच्या वाळक्या काड्या उतारांवर उभ्याच राहतात, म्हणजे डोंगरभर रचून ठेवलेलं सरपण. आणि पाड्यातल्या कुडाच्या भिंतीही कारवीच्याच.

मिरचीभजी (शुक्रवार, ४:५२)

अंगावर काटा आला. माझ्या प्रोफाइलला अजून तोच फोटो आहे.

पारसिककर (शुक्रवार, ५:१०)

आग दिसली तर कळवायचं कोणाला? मी दरवेळी १०१ लावतो.

रानवाट (शुक्रवार, ५:२२)

१०१ बरोबर आहे, पण डोंगरावर बंब चढत नाही. वनखात्याचा "हॅलो फॉरेस्ट" १९२६ लावा. वनरक्षक आणि पाड्यातली पोरं हिरव्या डहाळ्यांनी झोडपून, जाळरेषा (मधे मोकळा पट्टा) काढून विझवतात, तुमच्याआमच्या कल्पनेतला पाण्याचा फवारा नसतो. आणि देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून दिसलेल्या आगीचा एसएमएस पाठवतं. त्यांच्या पोर्टलवर सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं. मी नोंदवलंय.

कळवा नाका (शुक्रवार, ५:२४)

म्हणजे अवकाशातून दिसतं आणि गच्चीवरून बघणारे आपण झोपतो.

उपवनकर (शुक्रवार, ५:३०)

बोचलं, पण बरोबर आहे.

पॅसाडिनाकर (शनिवार, पहाटे ५:१५)

मूळची नौपाड्याची. ७ जानेवारी २०२५ ला इथे कॅलिफोर्नियात ईटनची आग लागली तेव्हा आम्ही दोन सुटकेसा घेऊन निघालो. आमचं घर वाचलं, अल्टाडीनातल्या मैत्रिणीचं गेलं. तिच्यासोबत महिनाभर फिरले, त्यातलं तुमच्या कामाचं तेवढं सांगते. अमेरिकेचं कौतुक करायला आलेले नाही, इथेही लोक फोनवर तासन्‌तास ताटकळले.

सगळ्यात उपयोगी पडलं ते एका छताखालचं मदत केंद्र. कॉलेजच्या इमारतीत टेबलं मांडलेली. एकावर ओळखपत्रं, दुसऱ्यावर जन्मदाखले, पलीकडे विमा, कर, वकील, समुपदेशक. फेमाकडून (इथली केंद्र सरकारची आपत्ती संस्था) तातडीच्या गरजांसाठी ७७० डॉलर मिळायचे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दहा कचेऱ्या फिरावं लागलं नाही. तुम्ही सोसायटीच्या ऑफिसात एक दिवस असंच बसवा ना. मास्तर, नायबकाका, विमावाले, डॉक्टरीणबाई, सगळे इथेच तर आहेत.

दुसरं, सामानाची यादी खोलीनुसार डोळे मिटून करायची. दारातून आत शिरा, डावीकडे काय होतं, खाली काय होतं, फडताळात काय होतं. मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी एकदम आजीचं जातं आठवलं.

तिसरं पाणी. २०१८ ला इथलंच पॅराडाइस गाव जळलं तेव्हा तापलेल्या प्लास्टिकच्या नळांमुळे पाण्यात बेन्झिन हे विषारी रसायन सापडलं होतं. पाड्यात झऱ्यावरून काळ्या पाइपाने पाणी आणतात का? पाइप वितळला असेल तर तो तुकडा बदला, नुसता जोडू नका. उकळून बेन्झिनचा धोका जात नाही.

रानवाट (शनिवार, ८:१०)

पाइपाचा मुद्दा शंभर टक्के. काल बघून आलो, वरचे दोन पाइप मेणासारखे वाकलेत. सध्या टँकर मागवलाय.

सीवूड्स लोकल (शनिवार, ९:००)

मी बँकेत आहे. धाग्यात कोणी पैशांचं बोललं नाही म्हणून लिहितो. पाड्यात नोटा घरातच असतात. जळून कोळसा झालेल्या, चिकटलेल्या नोटा आमच्या शाखेत बदलून मिळत नाहीत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात जावं लागतं आणि ते आपल्या सीबीडी बेलापूरला आहे. नोटा सुट्या करायला जाऊ नका, हात लागला की चुरा होतो. ज्या डब्यात जळल्या तो डबाच्या डबा, खाली कापूस घालून न्या.

उपवनकर (शनिवार, ९:२०)

काय सांगता! मधल्या घरातल्या आजींच्या पिठाच्या डब्यात नोटा होत्या. त्या दोन दिवस तो डबा मांडीवर घेऊन बसल्यात. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून.

मिरचीभजी (शनिवार, ९:२४)

बेलापूरला मी नेते त्यांना. गाडी आहे.

हिरवाई (शनिवार, १०:००)

आमच्या ग्रुपतर्फे जळालेल्या उतारावर लगेच पाचशे झाडं लावूया का? जूनमध्ये मोठा कार्यक्रम करता येईल. टी-शर्ट आमच्याकडून.

रानवाट (शनिवार, १०:३५)

कृपया नको. साग, पळस, ऐन बुंध्यातून आपसूक फुटतात, पहिल्या पावसानंतर बघा. त्या कोंबांना नको असतात ते आपले बूट आणि शेळ्यांची तोंडं. शिवाय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याला न विचारता खड्डाही खणता येत नाही. खरी भीती वेगळी आहे. उतारावरचं गवत गेलं, पाचोळा गेला, आता जूनच्या पहिल्या सरीला ती माती सरळ घरांवर येणार. दगड आणि जळक्या फांद्या उताराला आडव्या रचून अडथळे करता आले तर करा, वनरक्षकाला बरोबर घेऊन. सकाळी सहा ते नऊ, पाठ मोडणारं काम आहे, टी-शर्टचा फोटो चांगला येणार नाही.

हिरवाई (शनिवार, १०:४१)

चालेल की. आम्ही वीस जण येतो. टी-शर्ट घरी ठेवून.

कळवा नाका (शनिवार, १०:४३)

आणि सोसायटीवाल्यांनो, फावडी आणा!

उपवनकर (मंगळवार, रात्री ९:३०)

उशिरा लिहितेय, माफ करा. घडलं ते सांगते.

पंचनामा शनिवारी दुपारी झाला. नायबकाका स्वतः आले होते, मागे आंब्याखाली उभे राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. तिन्ही घरं आधी "झोपडी" लिहिली गेली. मावशींच्या जावेने जोत्याचं माप विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा तलाठीभाऊंनी टेप काढली. घरपट्टीची पावती मावशींच्या भाच्याच्या फोनमध्ये सापडली, विजेचा ग्राहक क्रमांक मीटरच्या जळक्या पाटीवर अर्धा वाचता येत होता. दोन घरं "कच्चे घर, पूर्णतः नष्ट" झाली. तिसरं, आजींचं, झोपडीच राहिलं. त्यांच्या नावावर कागद नाही, नवऱ्याच्या नावाचा वनहक्क दावा होता, त्याचं पुढे काय झालं कोणालाच माहीत नाही. पैसे कोणाच्याच हातात आलेले नाहीत अजून.

कपड्यांच्या गोण्या उघडल्या. एक शेरवानी, तीन पार्टीचे गाऊन, एकाच पायाचे चार बूट. पाड्यातल्या पोरींनी गाऊन घालून नाच केला, तेवढा एकच हशा आठवड्यात ऐकला. बाकी परत आणलं.

मुलाने पेपर दिला. लाल शेऱ्याचं हॉल तिकीट मित्रांना दाखवत होता. सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी सात ते दहा मिळालंय, सेक्रेटरी स्वतः पंखा लावून देतात.

निवृत्त नायब (मंगळवार, ९:५२)

आजींच्या घराचं सोडायचं नाही. पंचनाम्याची नक्कल अर्ज करून घ्या, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात. मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा अर्ज. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० लावा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच बसतात. मी गुरुवारी मोकळा आहे.

स्पष्टवक्ता (मंगळवार, १०:०५)

वनहक्क दाव्याची फाईल मी शोधतो. माझा एक वर्गमित्र त्या कचेरीच्या समोर झेरॉक्स चालवतो, त्याला सगळ्या टेबलांची नावं पाठ आहेत. आजींच्या यजमानांचं नाव मला निरोपात पाठवा, इथे लिहू नका.

मिरचीभजी (मंगळवार, १०:११)

बेलापूरला जाऊन आलो. डबा जमा झाला, पावती मिळाली. तपासायला वेळ लागेल म्हणाले. आजींनी त्या साहेबांना विचारलं, डबा तरी परत मिळेल ना?

उपवनकर (मंगळवार, १०:२०)

आत्ता लगेच लागणारी एकच गोष्ट आहे. आजी सध्या पुतण्याच्या पडवीत आहेत, तिथे दुपारी बसवत नाही. चांगली जाड ताडपत्री हवी, बारा बाय अठराची तरी, आणि चार बांबू.

पारसिककर (मंगळवार, १०:२४)

ताडपत्री आहे, गणपतीच्या मांडवाची. उद्या सकाळी साडेसहाला घेऊन निघतो. येऊरच्या फाटकाशी कोणी उभं राहील का?

हिरवाई (मंगळवार, १०:२६)

आम्ही सहाला तिथेच असतो, दगड रचायला. बांबू आमच्याकडून.